विडीचा धूर आणि धुराड्याचा धूर

आमच्या देवस्थानाच्या साहाय्य-निधीची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळची पूजा आटोपल्यावर, सभामंडपामागच्या खोलीत भरते. सात सभासद, एक जुने मेज आणि अर्जांची एक फाइल, एवढाच तिचा पसारा. गेल्या वर्षीच्या एका बैठकीत दोन अर्ज होते. पहिला एका सेवानिवृत्त कारकुनाच्या हृदयावरील शस्त्रक्रियेचा. तो पाच मिनिटांत मंजूर झाला. दुसरा अर्ज बडोद्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यात ठेकेदारामार्फत एकोणीस वर्षे राबलेल्या, शेहेचाळीस वर्षांच्या माणसाच्या पत्नीने केला होता. त्याचा मधुमेह बळावून डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. आमच्या छापील अर्जात एक रकाना आहे : ‘रुग्णास व्यसन आहे काय?’ त्या बाईंनी प्रामाणिकपणे लिहिले होते, ‘विडी, रोज एक कट्टा.’ तेवढे वाचून एक सभासद म्हणाले, ‘मग हे त्याने स्वतःच्या हातांनी ओढवून घेतले. भाविकांनी देवापुढे ठेवलेला पैसा त्यासाठी का खर्चावा?’ चार विरुद्ध तीन मतांनी अर्ज नामंजूर झाला. त्या चारांत आमचा हात होता.

घरी परतताना मनाला एक गोष्ट बोचू लागली. ज्या कारकुनाचा अर्ज आम्ही मंजूर केला त्यांना गोडाची आवड किती होती हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. प्रसादाचे पेढे ते मागून घेत असत. त्यांच्या धमन्यांत काय साचले आणि ते कोठून आले हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. एकाला आम्ही रुग्ण म्हटले आणि दुसऱ्याला अपराधी. हा भेद वैद्यकाने केलेला नव्हता, आम्ही केला होता.

प्रश्न असा आहे. दोन धुरांनी मिळून एका माणसाचे शरीर पोखरले. एक धूर त्याने आपण होऊन आत घेतला, दुसरा त्याच्यावर लादला गेला. या दोहोंत दोषाची वाटणी कशी करावयाची, आणि ज्याच्या हाती दान आहे त्याला ती करण्याचा अधिकार पोहोचतो काय?

बडोद्यास हा प्रश्न परका नाही. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापिले ते या संस्थानातील मुलांच्या हाती उद्योगधंदे यावेत म्हणून. त्याच कलाभवनाशी निगडित असलेल्या प्राध्यापक गज्जरांच्या प्रेरणेने १९०७ साली अलेंबिक उभी राहिली आणि या गावाने रसायनांशी सोयरीक जोडली. स्वातंत्र्यानंतर ती सोयरीक वाढतच गेली. १९६२ मध्ये खतांच्या कंपनीची स्थापना झाली, १९६५ मध्ये कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, १९६९ मध्ये पेट्रोरसायनांची सरकारी कंपनी आली. मागून नंदेसरी, मकरपुरा, रणोली येथील लहानमोठे कारखाने आले. गोवा, कारवार, रत्नागिरी येथून आलेली आपली कित्येक कुटुंबे या कारखान्यांच्याच आधाराने येथे स्थिरावली. सांडपाणी वाहून नेण्यासाठी धनोऱ्यापासून खंबायतच्या आखातापर्यंत सुमारे ५५ किलोमीटर लांबीचा कालवा १९८३ मध्ये सुरू झाला. पाण्यासाठी वाट काढली गेली. कामगाराच्या श्वासात जे मिसळते त्याला मात्र अशी वाट नाही, ते त्याच्या शरीरातच मुक्काम करते.

कारखान्याचे रोग म्हटले की आपल्यापुढे दिसणारे रोग येतात. क्रोमियमच्या कामात नाकाच्या पडद्याला भोक पडते. खंबायतेस अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसांत गारगोटीची धूळ बसून सिलिकोसिस होतो आणि क्ष-किरणांच्या चित्रात ती धूळ दिसते. अशा रोगांच्या अभ्यासासाठी १९६६ मध्ये अहमदाबादेस एक संस्था निघाली. तीच आज राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था म्हणून ओळखली जाते. परंतु आमच्या अर्जातील माणसाचा रोग या जातीचा नव्हता. तो चयापचयाचा रोग होता. खाल्लेल्या अन्नाचे शरीरात काय व्हावे याची जी व्यवस्था असते तीच बिघडावी, असा. कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाचा मेद आणि ज्याला डॉक्टर चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात त्याची उणीव, या पाचांपैकी तीन बिघडले की त्याला चयापचयाचा लक्षणसमूह म्हणतात. रोगी चालतो, बोलतो, पाळीवर जातो, आणि आत पोखरला जात असतो.

विडी-सिगारेटचा या बिघाडाशी संबंध आहे हे आता वादातीत आहे. निकोटीनमुळे शरीर सदैव भयभीत असल्यासारखे वागते. यकृत साखर सोडते आणि स्नायू इन्शुलिनचे ऐकेनासे होतात. धूम्रपान करणारा दिसावयास सडपातळ असला तरी त्याच्या पोटाच्या आत मेद साठतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालानुसार धूम्रपान करणाऱ्यास मधुमेह होण्याचा धोका न करणाऱ्यापेक्षा ३० ते ४० टक्के अधिक असतो. शिवाय तंबाखू पायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित करते. मधुमेह आणि विडी एकत्र आली की पायाची जखम भरत नाही, आणि मग पाय जातो. आमच्या मित्रसभासदांचे म्हणणे येथपर्यंत निखालस खरे आहे. त्यांनी येथेच थांबावे एवढी मात्र सत्य त्यांना मुभा देत नाही.

कारण कारखान्यातील हवाही तेच काम करते. व्हिस्कोज रेयॉनच्या कारखान्यांत वापरल्या जाणाऱ्या कार्बन डायसल्फाइडमुळे कामगार हृदयविकाराने अधिक प्रमाणात मरतात हे ब्रिटिश संशोधकांनी १९६८ मध्येच दाखवून दिले. व्हिनिल क्लोराइडमुळे यकृताचा एक दुर्मीळ कर्करोग होतो ही गोष्ट अमेरिकेतील लुईव्हिल शहरी १९७४ मध्ये उघडकीस आली. पुढे २०१० मध्ये याच वायूत वावरलेल्या कामगारांची यकृते पुन्हा तपासली गेली, तेव्हा लठ्ठ नसलेल्या आणि मद्य फारसे न घेणाऱ्या माणसांच्या यकृतांतही मेद व दाह आढळला, आणि त्यांचे शरीर इन्शुलिनला दाद देत नव्हते. शिशाने रक्तदाब वाढतो. दीर्घकाळ आर्सेनिकच्या संसर्गात राहणाऱ्यांत मधुमेह अधिक आढळतो. हवेतील बारीक कणांचा मधुमेहाशी संबंध अनेक देशांत दिसून आला आहे. रात्रपाळी हे तर विषच नव्हे. पण सूर्याच्या विरुद्ध वर्षानुवर्षे जागणाऱ्या शरीराची साखरेची घडी विस्कटते, हेही सिद्ध झाले आहे.

तेव्हा दोन कारणे आहेत. आपल्या समितीसारख्या लोकांना अशा वेळी वाटणीची बुद्धी सुचते : निम्मा दोष याचा, निम्मा त्याचा. ही वाटणी किती फसवी आहे हे एका जुन्या उदाहरणावरून दिसेल. १९७९ मध्ये अमेरिकेतील ॲस्बेस्टॉस कामगारांच्या फुप्फुसाच्या कर्करोगाविषयी आकडे प्रसिद्ध झाले. ॲस्बेस्टॉस नाही आणि धूम्रपानही नाही अशा माणसाचा धोका १ धरला, तर केवळ ॲस्बेस्टॉसमध्ये काम करणाऱ्याचा सुमारे ५, केवळ धूम्रपान करणाऱ्याचा सुमारे ११ आणि दोन्ही असणाऱ्याचा सुमारे ५३. आता हिशेब करा. धूळ काढून टाकली असती तर ५३ चे ११ उरले असते, म्हणजे ४२ टळले असते. धूम्रपान काढून टाकले असते तर ५ उरले असते, म्हणजे ४८ टळले असते. बेचाळीस अधिक अठ्ठेचाळीस म्हणजे नव्वद! मूळ संकट ५३ चे आणि दोघांच्या दोषांची बेरीज ९०. आम्ही आयुष्यभर हिशेबाचे काम केले, परंतु एकत्र कुटुंबाची अशी मालमत्ता आमच्या पाहण्यात नाही जिचे वाटे करावयास बसले असता वाटे मूळ मालमत्तेहून मोठे भरतात. दोन कारणे एकमेकांना गुणतात तेव्हा ती दोन भावांसारखी विभक्त होत नाहीत. पुष्कळसे पाप असे असते की ते दोघांचेही पूर्णपणे असते.

मधुमेहाच्या बाबतीत आकडे इतके ठळक नाहीत. पण दोन धूर एकाच यकृतातून आणि एकाच रक्तवाहिनीतून जातात, तेथे त्यांच्या वेगळ्या नोंदवह्या नसतात. आणखीही एक गुंता आहे. ज्याच्या बोटांना शिशाची भुकटी लागली आहे तो त्याच बोटांनी विडी ओठांस लावतो किंवा तळहातावर तंबाखू मळतो, तेव्हा कारखाना व्यसनाच्या वाटेनेच पोटात शिरतो.

तो ओढतो तरी का, हे आम्ही पुढे त्या माणसाच्या घरी जाऊन विचारले. उत्तर देताना तो ओशाळला. रात्री तीनच्या सुमारास झोप अनावर होते, तेव्हा विडी जागे ठेवते. भूक मरते. आणि मुख्य म्हणजे विडीसाठी बाहेर जातो म्हटले तर मुकादम पाच मिनिटे सोडतो. नुसते बसतो म्हटले तर सोडत नाही. त्याच्या कारखान्याच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत धूम्रपानाची बंदी लिहिलेली होती आणि आत शिरताना काड्यापेटी काढून घेत असत. आम्हांला क्षणभर बरे वाटले, पण ती बंदी साठवणीच्या टाक्यांसाठी होती. आग लागू नये म्हणून. फाटकाबाहेर वीस पावलांवर पानाचा गल्ला होता आणि तेथे त्याच्या छातीची काळजी करणारे कोणी नव्हते. आत असताना मावा दाढेत धरून काम चाले. २०१२ मध्ये गुजरातेत गुटख्यावर बंदी आली त्यानंतरही सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या घेऊन मळण्यास कोणाची आडकाठी नव्हती.

यावर आमच्या समितीतील एका विचारी सभासदाने घेतलेला आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. ते म्हणाले, ‘तुम्ही त्याला परिस्थितीच्या हातचे बाहुले करता. गरीब माणसालाही इच्छाशक्ती असते. त्याच पाळीत न ओढणारे दहा असतील. त्यांच्या संयमाची किंमत काय?’ हे खरे आहे. दयेच्या भरात एखाद्याचे कर्तेपण काढून घेणे हाही त्याचा अपमानच. आमची तशी इच्छा नाही. त्याने विडी सोडावयास हवी होती आणि ते तो स्वतःही म्हणतो.

परंतु आपण ज्या शास्त्राचे नाव घेऊन कर्मफळाच्या गोष्टी करतो ते काय सांगते, हे पाहावे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना चेष्टा आणि पाचवे दैव. आणि लगेच पुढे म्हटले आहे की, असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारहीन होय, त्याला खरे दिसत नाही. हा उपदेश कर्त्याचा अहंकार घालविण्यासाठी आहे हे आम्ही जाणतो. पण ज्या दृष्टीने स्वतःकडे पाहणे चूक, त्याच दृष्टीने दुसऱ्याकडे पाहणे बरोबर कसे ठरेल? स्वतःच्या यशाच्या वेळी आपण दैव, वाडवडिलांची पुण्याई आणि देवाची कृपा सारे आठवतो. दुसऱ्याच्या रोगाच्या वेळी मात्र पाचांपैकी चार कारणे पुसून एकटा कर्ता उभा करतो. अधिष्ठान म्हणजे आश्रय, ज्यावर कर्म उभे राहते ते. भाष्यकार बहुधा त्याचा अर्थ शरीर असा घेतात. ज्या शरीराने एकोणीस वर्षे भुकटी गिळली आणि ज्याला रात्रीची झोप ठाऊक नाही, त्या अधिष्ठानावर संयम उभारणे आणि सकाळी अभिषेक, दुपारी वामकुक्षी असे चालणाऱ्या आमच्यासारख्यांच्या अधिष्ठानावर तो उभारणे, ही दोन कर्मे सारखी नव्हेत.

प्रारब्धाचा आधार घेणारेही समितीत होते. त्यांच्याशी आम्ही वाद घातला नाही. प्रारब्ध हे भोगणाऱ्याने स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी म्हणावयाचे असते, पाहणाऱ्याने हात आखडता घेण्यासाठी नव्हे.

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे, जी सांगताना लेखणी अडखळते. आम्ही स्वतः एका कारखान्यात (त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही, आणि तो या माणसाचा कारखाना नव्हे) तीस वर्षे हिशेबनीस होतो. तेथे भुकटी पोत्यांत भरण्याच्या विभागातून दूषित हवा खेचून घेणाऱ्या पंख्यांची मागणी सतत तीन वर्षे आली. तिन्ही वर्षी अंदाजपत्रकावर शेरा पडला, ‘पुढील वर्षी विचार करावा.’ शेरा वरिष्ठांचा, पण अक्षर आमचे. त्या वर्षांचा बोनस आम्ही घेतला आणि त्यातूनच या देवळाच्या सभामंडपाच्या फरशीसाठी देणगीही दिली. त्या विभागातील लोक काय ओढीत होते हे आम्हांला ठाऊक नाही. त्यांनी काय श्वासात घेतले ते मात्र ठाऊक होते. तेव्हा ‘स्वतःच्या हातांनी’ या शब्दांचा विचार करताना आम्हांला त्या कामगाराच्या हातांइतकेच आमचे हातही दिसतात.

कायद्याची दृष्टी या बाबतीत आमच्या समितीपेक्षा उदार आहे, निदान एका ठिकाणी. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात असे होते की, अपघाताच्या वेळी कामगार नशेत असेल तर मालक सुटतो. पण त्या अपघातात कामगार मृत्यू पावला असेल तर नशेची सबब चालत नाही. पुढे कायमच्या पूर्ण अपंगत्वालाही हाच न्याय लावण्यात आला. म्हणजे परकीय राजवटीतील कायदेकारांनाही कळले होते की, हानी फार मोठी झाली असता दोषाची चौकशी आखडती घ्यावी. दुसऱ्या ठिकाणी मात्र कायदा आंधळा आहे. व्यवसायजन्य रोगांच्या ज्या याद्या त्यात व १९४८ च्या कारखाने कायद्यात दिल्या गेल्या त्यांत शिसे, पारा, क्रोमियम, सिलिकोसिस सारे आहे. ज्याची कारणे अनेक आहेत तो मधुमेह त्यांत नाही. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर कारखाने कायद्यात हवेतील विषांची मर्यादा घातली गेली. ती आठ तासांच्या पाळीची आणि एकेका पदार्थाची. सोळा तास राबणारा, घरी चुलीच्या धुरात झोपणारा आणि विडी ओढणारा माणूस त्या मर्यादेच्या कल्पनेत बसत नाही. धूम्रपानाकडे पाहावे तर गोव्याने १९९७ मध्येच सार्वजनिक जागी धूम्रपान व थुंकणे यांना बंदी केली, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर कामाच्या जागीही ती लागू झाली. ही बंदी चांगलीच आहे. पण तिचा भार ओढणाऱ्यावर पडतो, आणि पंख्याचा शेरा कोणाच्याच डोळ्यांवर येत नाही.

विडी सोडा, एवढे सांगून भागत नाही याचे एक वैद्यकीय कारणही आहे. धूम्रपान सोडल्यावर पुष्कळांचे वजन काही किलो वाढते आणि ज्यांचे ते फार वाढते त्यांच्यात पहिली काही वर्षे मधुमेहाचा धोकाही थोडा वाढतो. मागाहून तो उतरतो. एकूण लाभ सोडण्यातच आहे, यात शंका नाही. परंतु ज्याला आपण विडी सोडावयास सांगतो त्याला झोप, जेवण आणि तपासणी मिळते की नाही हे पाहणे सांगणाऱ्याचे काम आहे.

आणि तंबाखू येते कोठून? महीच्या पलीकडे चरोतरात आणंद, बोरसद, पेटलाद या भागांत विडीच्या तंबाखूची शेते लांबवर पसरली आहेत. तिकडे सीमाभागात निपाणीची तीच कथा, जेथील तंबाखू-शेतकऱ्यांचे १९८१ चे आंदोलन वृद्ध वाचकांस आठवत असेल. त्या पिकावर घरे चालली, मुले शिकली आणि देवळांचे कळसही चढले. हिरवी पाने खुडणाऱ्या मजुरांना त्वचेतून निकोटीन भिनून भोवळ येते, ओकाऱ्या होतात. देणगी स्वीकारताना आम्ही तिच्या पावतीवर ‘व्यसन आहे काय’ असा रकाना कधी छापला नाही.

इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना बजावले की, रोग्यास नेहमीचे प्रश्न विचारून झाल्यावर आणखी एक विचारावा : तुमचा धंदा कोणता? आमच्या अर्जात व्यसनाचा रकाना आहे, हा नाही. आम्ही दोन महिन्यांनी समितीपुढे त्या अर्जाचा फेरविचार मांडला तेव्हा हा रकाना घालण्याचीही सूचना केली. रकाना सर्वांनी मान्य केला. जुने छापील अर्ज संपल्यावर नवे छापावेत असे ठरले. ते अजून संपलेले नाहीत.

फेरविचारावर तासभर चर्चा झाली. आम्ही वर दिलेला नव्वदाचा हिशेब कागदावर मांडून दाखविला. दोघांनी तो उतरून घेतला. शेवटी पाच विरुद्ध दोन मतांनी मदत मंजूर झाली, परंतु निम्मी. विडीचा वाटा वजा करून उरलेली, असे इतिवृत्तात लिहिले गेले. आम्ही त्या ठरावाच्या बाजूने मत दिले, कारण न देऊन काहीच मिळाले नसते.

धनादेश नेण्यासाठी त्या बाई स्वतः आल्या. त्यांनी रक्कम वाचली, कागद जपून पिशवीत ठेवला आणि कोशाध्यक्षांना विचारले, ‘काका, बाकीचे पैसे पुढच्या महिन्यात मिळतील का?’ कोशाध्यक्षांनी आमच्याकडे पाहिले.